पड आनि पडीक

फोनातला निळा ठिपका सरकत सरकत लाल ठिपक्यावर जाऊन बसला आनि मी फोनावरून मान वर केली. लाल ठिपका माझ्या मायच्या रानात व्हता.

लाल ठिपका हापिसातून येतो. निळा ठिपका म्हंजी मी. दोन्ही एकमेकावर बसले की समजायचं, आपन बरोब्बर जागी उभे हावोत. मंग चार दिशेचे फोटो काढायचे, पायाखालच्या जमिनीचा एक काढायचा, आनि इथं काय हाय ते कळवायचं. ह्या कामाला हापिसात ग्राउंड ट्रुथ म्हनतेत. वरून उपग्रह फोटो काढतो. त्यात रान कुठं, गाव कुठं, तळं कुठं हे कंप्युटर रंगावरून वळखतो. पन कंप्युटरचं बी चुकतं. वाळलेलं तळं त्याला मैदान वाटतं. पत्र्याची शेडं पान्यावानी चमकली की त्यास्नी तो तळं म्हनतो. म्हनून कोनीतरी जाग्यावर जाऊन बघावं लागतं. ते कोनीतरी म्हंजी मी. नववीपस्तोर शिकलेली, काखेत लेकरू, हातात कंपनीचा फोन.

रातचे फोटो बी असतेत. त्यात नुसता उजेड दिसतो. नांदेड म्हंजी मोठा पांढरा डाग. मुदखेडला, माझ्या सासरी, रेल्वेच्या यार्डाचा एक डाग. बिलोलीचा त्याहून बारका. बाकी सगळं काळं. मागल्या फोटोत काळं असलेलं ह्या फोटोत पांढरं झालं की तिथं काहीतरी नवं आलं असं धरतेत. प्लॉटिंग असंल, धाबा असंल, न्हाईतर वस्ती वाढली असंल.

त्या साली दुष्काळ व्हता. लातूरला प्यायचं पानी रेल्वेनं आनलं, तो दुष्काळ. आनि त्याच साली नवा जिल्हा होनार म्हनून बोंब उठली व्हती. आमचा जळकोट तालुका लातुरातून काढून नव्या जिल्ह्यात टाकनार म्हने. लोकाला प्यायला पानी न्हाई आनि रोडच्या दोन्ही अंगाला प्लॉटचे चुन्याचे पट्टे मारलेले. जिल्हा झाला तर हापिसं कुठं बांधायची, मोकळी जमीन कुठं हाय, उजेड कोन्या बाजूला वाढून राहिलाय, असा सगळा नकाशा करायचं काम आमच्या नांदेडच्या कंपनीला मिळालं. सरांनी मला तिकडचे पॉइंट दिले. म्हनले, “सुजाता, एका ठिकाणी उजेड एकदम वाढलाय. प्लॉटिंग आहे का बघून ये.”

मी गेले तर ते माझंच माहेर.

आमच्या मायकडं सातबारा न्हाई. आमची वाडी बौद्धांची, गावाच्या खालच्या अंगाला. माझ्या आज्यानं गैरानातला, म्हंजी गावाच्या ढोरं चारायच्या सरकारी जमिनीतला एक पट्टा साफ केला. दगडं येचून बांध घातला. तवापास्नं आमी तो कसतो. पावसात तूर, थंडीत ज्वारी. आमच्यावानी अजून काही घरं हायत. बरीच वर्षं कसत असल्याचं दावलं तर नावावर होतंय, असं ऐकत ऐकत मी मोठी झाले. माय तर दर साली पेरताना म्हनायची, “रान हातचं सोडायचं न्हाई. कसलं तर आपलं.”

माझं लग्न झालं, बाप मेला. माझा मालक हैदराबादला बांधकामावर. मायला त्या पट्ट्याबिगर दुसरं काही न्हाई. आनि मला त्या नोकरीबिगर.

मी फोटो काढून राहिले व्हते तवर माय डोक्यावर शेनाची पाटी घेऊन आली.

“आगं सुजा! तू कशी काय? लेकराला दवाखान्यात नेलालीस का काय?”

“न्हाई गं माय. ड्युटीवर हाव.”

“ड्युटीवर? आपल्या रानात?”

“वरून फोटो काढतेत. रातचा उजेड दिसला म्हनून बघाया पाठवलंय.”

मायनं पाटी खाली ठिवली आनि आभाळाकडं बघितलं. “पानी पाडाया जमंना, अन् फोटो काढाया जमतंय व्हय मेल्याला.”

उजेडाचं काय ते लगेच कळलं. रानाला लागूनच छावनी पडली व्हती. छावनी म्हंजी दुष्काळात ढोरं एका जागी बांधून चारा-पानी देतेत ती. कडबा चोरीला जाऊ ने म्हनून जनरेटरवर मोठाले हॅलोजन लावलेले, रातभर चालू. वरून बघनाऱ्याला वाटावं, बाजारपेठच भरली. खाली नुसती हाडं निघालेली ढोरं.

“आनि रानाचं काय लिहू?” मी मायला इचारलं. सवयीनं इचारलं. जाग्यावर जो भेटंल त्याला इचारायचं, असं आमाला शिकवलेलंच हाय.

“काय लिहितीस? पड हाय यंदा.”

लेकरू कडेवर रडून राहिलं व्हतं. एका हातानं टाईप होईना. रेंज बी एकच कांडी. असं झालं की आमी बोलून पाठवायचो, व्हाइस नोट. हापिसात मुमताज ऐकायची आनि कंप्युटरात भरायची. सगळ्याच फील्डच्या बाया तसं करायच्या. मी फोन तोंडापाशी धरला आनि म्हनलं, “पॉइंटवर पड हाय. बाजूला छावनी हाय. उजेड छावनीचा हाय, प्लॉटिंग न्हाई.”

मायनं च्या केला, बिनदुधाचा. मी पिले आनि पुढल्या पॉइंटला गेले. काम चोख झालं असंच मला वाटलं.

मंग बऱ्याच दिसांनी हापिसातून बोलावनं आलं. फोन जमा करायचा व्हता, सगळ्यांचेच जमा करून राहिले व्हते. मी लेकराला घेऊन नांदेडला गेले. हापिसाच्या भिताडाला मोठा नकाशा लावलेला, छतापास्नं खालपस्तोर. सरकारी सायब लोक बघाया येनार व्हते. मला नकाशे बघायला आवडतं. माझे पॉइंट कुठं कुठं गेले ते मी शोधते. जळकोट सापडलं, तिथून वढा सापडला, वढ्याच्या वळनावर आमची वाडी.

गैरान सगळं पिवळं व्हतं. त्यावर उजेडाच्या तिरप्या रेघा व्हत्या. आनि भवतीनं पेन्सिलीनं गोल काढलेला.

“मुमताज, पिवळं म्हंजी काय गं?”

मुमताज वान्याच्या दुकानातून आनलेले पापड मोजावेत तसे कागद मोजून राहिली व्हती. मान वर न करता म्हनली, “पिवळा म्हनजे पडीक. हिरवा पीक, लाल वस्ती, पिवळा पडीक.”

“अन् हे पडीक कोन लिहिलं?”

“तूच तो बोली ना, सुज्जो. तेरीच व्हाइस नोट. ‘पड हाय.’ मैंने पडीक भर दिया. कामून, काय झालं?”

मी लेकराला खाली ठिवलं.

आमच्याकडं पड म्हंजी यंदा पेरलं न्हाई. पाऊस न्हाई म्हनून न्हाई, बी न्हाई म्हनून न्हाई, न्हाईतर रानाला इसावा द्यायचा म्हनून न्हाई. पुढल्या साली पेरायचंच हाय. पडीक म्हंजी जिथं कोनी पेरतच न्हाई ती. दगड, कुसळ, कोनाचीच न्हाई अशी. मुमताज नांदेडातली, पिढ्यान्‌पिढ्या शहरातली. तिच्या घरात शेत कोनी बघितलेलं न्हाई. तिच्या स्क्रीनवर पीक व्हतं, पडीक व्हतं, वस्ती, पानी, झाडी, खडक व्हतं. पड व्हतंच न्हाई, छावनी बी न्हाई. तिनं जवळचं ते दाबलं. तिच्या जागी मी असते तर मी बी तेच दाबलं असतं.

“अन् गोल कशाचा हाय?”

“मोठ्या सायबानं काढला ना परवा. नये जिल्हे का दफ्तर. पडीक बी हाय, रोड बी जवळ, उजेड बी बढ रहा. अच्छी जगा हाय बोले.” मंग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. “या अल्ला. तेरा माहेर हाय क्या वो?”

मी सरांच्या केबिनीत गेले. मी कधी आपन हून गेले नव्हते तिथं. काय बोलले ते मला धड आठवत न्हाई, एका दमात सगळं बोलले, पड, पडीक, आज्या, बांध, छावनी, माय. सरांनी चष्मा काढला.

“थांब, थांब. पॉइंट तुझ्या आईच्या जमिनीत आहे?”

“हाव सर.”

“आणि हे तू आत्ता सांगतेस?”

“तवा कोनी इचारलं न्हाई सर. मी खरंच सांगितलं व्हतं. पड म्हनले व्हते.”

“अगं, मला कळतंय तू काय म्हणतेस ते. पण उद्या कोणी म्हणेल, हिनं माहेरची जमीन वाचवायला डाटा बदलला. मी काय उत्तर देऊ?”

मला वाटलं, नोकरी गेली. आता हैदराबादला बांधकामावर लेकराला घेऊन इटा वाहाव्या लागतील. तरी मी तिथंच उभी राहिले. दार माझ्या मागं व्हतं पन पाय उचलंना.

सर वाईट नव्हते, हे मला सांगायचं हाय. त्यांनी मुमताजला बोलावलं आनि जुने फोटो काढाया लावले. उपग्रहाचे जुने फोटो सगळे जपून ठिवलेले असतेत. दुष्काळाच्या आधीचे. पावसाळ्यातला फोटो उघडला तर गैरान हिरवंगार. मी म्हनलं, “बघा सर, तूर!”

“तूर आहे की गवत, कसं सांगणार? पावसात माळही हिरवा होतो.” मंग त्यांनीच इचार केला आनि म्हनले, “थंडीतला काढ. गवत वाळतं तेव्हाचा. ज्वारी असेल तर तेव्हाही हिरवी दिसेल.”

थंडीतला काढला. सगळा माळ तांबडा आनि मधी एक हिरवा भास. भासच. मुमताज मोठं करत गेली, करत गेली, तर फोटो चौकोनाचौकोनाचा झाला, घोंगडीचे ठिगळ असावेत तसा. त्या एकेका चौकोनाला पिक्सेल म्हनतेत. एका चौकोनाला एकच रंग असतो. चौकोनात अर्धी ज्वारी आनि अर्धा माळ असला तर तो दोन्हीच्या मधला कायतरी रंग दावतो. मायचा पट्टा लांब हाय पन रुंदीला बारका, चौकोनात पुरा बसतच नव्हता. रातच्या फोटोत तर चौकोन अजून मोठे. आमची आख्खी वाडी, गैरान आनि छावनी मिळून एकच चौकोन.

“आहे,” सर म्हनले. “मला दिसतंय, पीक आहे. पण हे मला दिसतंय, कारण तू सांगितलंस.”

त्यांनी त्या पॉइंटला शेरा जोडला. लोक कसतात, दुष्काळामुळं पेरणी नाही, उजेड तात्पुरत्या छावणीचा. मला वाचून दावला. मला वाटलं, झालं. मी मुमताजला मिठीच मारली.

दुसऱ्या दिशी मोठे सायब परत आले. मी लेकराला घेऊन दाराशी उभी. सायब नकाशापुढं उभे राहिले, त्या गोलावर बोट ठिवलं.

सर म्हनले, “सर, या जागेबद्दल एक शेरा आहे. ही पडीक नाही, चालू पड आहे. काही कुटुंबं कसतात.”

“सातबारा कोणाचा?”

“गायरान. सरकारी.”

“मग सरकारचीच जागा सरकारला लागतेय. पेरा दिसतो का यंदा?”

“यंदा कोणाचाच दिसत नाही सर. दुष्काळ आहे.”

“तेच म्हणतोय मी.”

मला ऱ्हावलं न्हाई. मी म्हनलं, “सायब, पुढल्या साली दिसंल. पाऊस पडला की दिसंल.”

सायब वळले. चिडले न्हाईत. लेकराच्या गालाला बोट लावलं. “ताई, माझ्या हातात असतं तर पाऊसही पाडला असता. नकाशा मला याच आठवड्यात पुढं पाठवायचाय.” मंग सरांना म्हनले, “शेरा असू द्या. रिपोर्टमध्ये राहील.”

शेरा रिपोर्टात ऱ्हायला. पन पुढं गेला तो नकाशा. नकाशात शेरा छापत नसतेत, रंग छापतेत.

त्या पुढल्या साली पाऊस चांगला झाला. छावनी उठली. मायचा फोन आला. माय कधी फोन करत न्हाई, तिला नंबर लावता येत न्हाई, शेजारच्या पोरीला लावून मागितला व्हता.

“सुजा, तार लावली गं.”

“कसली तार माय?”

“रानाला. बियानं घेऊन गेलते मी. बैलं सांगितलती. पेरनीला चाड्यावर मूठ धराया गेले तर तार.”

मी गेले. खांब रोवलेले, काटेरी तार, पाटी. आज्यानं घातलेला बांध मधून फोडून मुरूम टाकलेला. तारेच्या भाईर वाडीतली मानसं बसलेली. कोनी आरडत नव्हतं, आरडायचं ते आदल्या दिशी आरडून झालं व्हतं. एक म्हातारा, मला लहानपनी खांद्यावर घेऊन फिरायचा, तो म्हनला, “आली बघा मॅडम. फोटो काढाया आलीस का बाई अजून? कसं निघालंय आमचं रान फोटूत?”

मी खाली बघितलं. मायनं पदरातलं बी तसंच गाठोडं करून धरलं व्हतं. ती म्हाताऱ्याला म्हनली, “तिला कामून बोलतूस? तिनं मला इचारलं. मी म्हनले पड हाय. तिनं बी पडच सांगितलं. आमी दोघी खरंच बोललो.”

मायनं ते बियानं घरी नेलं आनि पुढं कितीतरी दिस दळलं न्हाई. मंग दळलं.

वाडीनं अर्ज दिले. सरांनी त्यास्नी थंडीतला फोटो छापून दिला, स्वतःच्या सहीनं दिला, हे बी खरं. अर्ज कुठंतरी हायत. आनि नवा जिल्हा झालाच न्हाई. बोंब उठली तशी बसली. तारेच्या आत कायबी बांधलं न्हाई. नुसता एक उंच खांब उभा केला, त्यावर मोठाले दिवे. ते मात्र रोज लागतेत.

त्यामुळं रातच्या फोटोत उजेड अजून दिसतो. पुढला सर्व्हे आला तवा कंप्युटरनं परत तिथंच लाल ठिपका टाकला. सर म्हनले, “सुजाता, दुसऱ्या कोणाला पाठवू का?” मी म्हनलं, न्हाई, मीच जाते.

ह्या बारीला फोनात नवं बटन व्हतं. सरांनी लावून घेतलं व्हतं. पीक, त्याच्या खाली चालू पड, त्याच्या खाली पडीक. मला आधी कोनी सांगितलंच नव्हतं. मी तारेपाशी उभी राहून ते बघतच ऱ्हायले.

माय आली व्हती संगं. लेकरू आता मोठं झालंय, ते मायचं बोट धरून उभं. मी तारेतून आत बघितलं. कुसळ गुडघ्याइतकं वाढलेलं. बाभळीची रोपं. बांधाची दगडं इकडं तिकडं. तीन पावसाळे झाले, आत कोनी पेरलं नव्हतं.

“काय लिहिलंस?” मायनं इचारलं.

“पडीक.”

मायनं मान हलवली. “आता बरोबर हाय,” म्हनली.

मी पाच फोटो काढले आनि पॉइंट बंद केला. उजेडाच्या रकान्यात लिहिलं, खांबाचा हाय, खाली कोनी ऱ्हात न्हाई.

आता नव्या पोरी कामाला आल्या की त्यास्नी शिकवायचं माझ्याकडं हाय. मी त्यास्नी सांगते, बोलून पाठवू नका. लेकरू रडलं तर खाली ठिवा आनि बटन आपल्या हातानं दाबा. आनि जाग्यावर जे हाय त्याचं बटनच न्हाई सापडलं, तर जवळचं दाबून पुढं जाऊ नका. पॉइंट उघडा ठिवा, सरांना फोन लावा. चिडले तर चिडू द्या.